जरा जास्तच जुळलेले नंबर: १९५७च्या एका नोमॅडची किंमत ठरवताना

जाहिरात छोटी होती. १९५७ची शेवर्ले बेल एअर नोमॅड, २८३ क्युबिक इंचांचं व्ही-८ इंजिन, 'मॅचिंग नंबर्स' (म्हणजे इंजिन गाडीचं मूळचंच, असा दावा), ४८,००० मैल, मागणी ८२,००० डॉलर. काकांनी ती मला पाठवली आणि खाली एकच ओळ लिहिली, "बघ रे, एवढे देण्यासारखी आहे का?"

काका नात्याचे नाहीत. ओहायोत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक, आणि माझा धंदा जुन्या अमेरिकन गाड्या तपासून त्यांची किंमत सांगण्याचा. विद्यार्थी असताना ते ज्या घरात भाड्याने राहत, त्या घरमालकाकडे नोमॅड होती. रविवारी ती धुवायचं काम काकांकडे असे. म्हणजे गिऱ्हाईक आधीच गाडीच्या प्रेमात होतं, आणि असं गिऱ्हाईक मला थोडं घाबरवतं.

म्हणून नेहमीचा प्रश्न त्यांनाही विचारला: किंमत कशासाठी हवी आहे? विम्यासाठी काढलेला आकडा, इस्टेटीच्या वाटणीसाठी काढलेला आकडा आणि खिशातून द्यायचा आकडा हे तीन वेगळे आकडे असतात. विम्याच्या आकड्यात 'अशीच दुसरी आणायची तर काय पडेल' हे धरतात. वाटणीत घाई नसलेला विकणारा आणि घाई नसलेला घेणारा डोळ्यांसमोर असतो. "मला विकत घ्यायची आहे," काका म्हणाले, "आणि फसायचं नाही." ठीक. मग तिसरा आकडा.

गाडी पाहायला जाण्याआधी नोमॅडबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिच्यात खोटं कुठे लपू शकतं हे त्यावरून कळतं. जानेवारी १९५४मध्ये जनरल मोटर्सने न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरियात मोटोरामा प्रदर्शन भरवलं. तिथे शेवर्लेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या तोंडवळ्याची एक स्टेशन वॅगन ठेवली होती. लोकांना ती इतकी आवडली की तिचं छप्पर शेवर्लेच्या नेहमीच्या गाडीवर बसवून १९५५मध्ये नोमॅड विक्रीला आली. फक्त दोन दारं, पुढे झुकलेले खांब, मागे सरकत्या काचा, छपरावर आडव्या नऊ खाचा आणि मागच्या फाळक्यावर क्रोमच्या सात उभ्या पट्ट्या. देखणी खरी, पण महाग, आणि मागे मुलांना बसवायचं तर पुढचं सीट वाकवायचं. वॅगन घेणाऱ्या कुटुंबाला हे परवडणारं नव्हतं. १९५७मध्ये ६,१०३ नोमॅड बनल्या, आणि पुढच्या वर्षी ते नाव चार दारांच्या साध्या वॅगनला देऊन टाकलं.

या सगळ्याचा तपासणीशी संबंध असा, की नोमॅड 'बनवता' येत नाही. साध्या सेडानवर बिल्ले चढवून तिची महागडी बहीण तयार करणं हा या व्यवसायातला जुना उद्योग आहे. पण नोमॅडचं छप्पर, खांब, दारं, मागच्या काचा आणि फाळका दुसऱ्या कुठल्याच शेवर्लेवर नाहीत. दारात उभी आहे ती नोमॅडच, याबद्दल शंका घ्यायला जागा जवळजवळ नसते. शंका घ्यायची ती इंजिनाबद्दल, रंगाबद्दल आणि पत्र्याखाली काय आहे याबद्दल.

गाडी सिनसिनाटीच्या बाहेर एका नीटनेटक्या गॅरेजमध्ये होती. लाल, छप्पर हस्तिदंती. विक्रेता सत्तरीचा, बोलका, आणि माझ्या मते तेव्हाही आणि आजही प्रामाणिक माणूस. त्याने गाडी वीस वर्षांपूर्वी आत्ताच्याच रूपात, एका रिस्टोरेशनच्या, म्हणजे जुन्या गाड्या पुन्हा नव्यासारख्या करून देणाऱ्या, दुकानातून घेतली होती.

मी सुरुवात डाव्या दाराच्या खांबापासून केली. आपण सवयीने ज्याला चासी नंबर म्हणतो, तो १९५७च्या शेवर्लेत चालकाच्या दाराच्या बिजागरीजवळ एका छोट्या पट्टीवर असतो, आणि ती पट्टी खांबाला स्पॉट वेल्डिंगने चिकटवलेली असते. तिथे पॉप रिव्हेट दिसले, म्हणजे पट्टी नंतर कुणी तरी बसवलेली दिसली, तर मी तपासणी तिथेच थांबवतो. इथे वेल्डचे ठिपके जुने होते, त्यांच्याभोवतीचा रंगही सलग होता. नंबर 'व्हीसी५७एन'ने सुरू होणारा. व्ही म्हणजे व्ही-८, सी म्हणजे बेल एअर मालिका, ५७ साल, आणि एन म्हणजे ओहायोतला नॉरवूडचा कारखाना. म्हणजे ही गाडी जिथे जन्मली तिथून फार लांब गेलीच नव्हती. टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा, नंबर याच्याशी अक्षरन् अक्षर जुळला.

इथे बरेच लोक समाधानाने थांबतात. पण हा नंबर काय सांगत नाही तेही पाहायला हवं. तो गाडी नोमॅड आहे असं सांगत नाही; बेल एअरची सेडान असो, कन्व्हर्टिबल असो की वॅगन, सगळ्यांना हेच 'व्हीसी'. कोणतं व्ही-८, किती ताकदीचं, हेही सांगत नाही. १९५७मध्ये याच २८३ इंजिनाचे १८५ हॉर्सपॉवरपासून २८३ हॉर्सपॉवरपर्यंत प्रकार मिळत, आणि २६५ क्युबिक इंचांचं धाकटं व्ही-८ वेगळंच. सगळ्यांसाठी तेच एक 'व्ही'.

बॉडीचा प्रकार कळतो तो फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीवरच्या) पत्र्यावरून; तो जनरल मोटर्ससाठी बॉडी बनवणाऱ्या फिशर बॉडीचा. त्यावर '५७-१०६४डीएफ' होतं. हा आकडा नोमॅडचाच. शेजारी रंगाचा आकडा होता ७९५, म्हणजे लार्कस्पर ब्लू, एक फिकट निळा. गाडी जन्माने निळी होती. विक्रेत्याला हे माहीत होतं आणि त्याने ते लपवलंही नव्हतं. जाहिरातीत लिहायचं तेवढं राहून गेलं होतं. हातमोज्याच्या कप्प्याच्या आत आणि दाराजवळच्या पायपट्टीखाली निळ्याचे ओरखडे सापडले, तेव्हा पत्रा याच गाडीचा असल्याचं आणखी एक चिन्ह मिळालं. रंग बदलल्याने किंमत खाली येते, पण लाल नोमॅडला गिऱ्हाईक निळीपेक्षा लवकर मिळतं, त्यामुळे ती घट वाटते तेवढी मोठी नसते.

पत्र्याला मात्र वेळ द्यावा लागला. नोमॅडचा मागचा वरचा दरवाजा आणि खालचा फाळका जिथे मिळतात तिथून पाऊस आत येतो, ही गोष्ट या गाडीच्या चाहत्यांत सर्वश्रुत आहे. पाणी उतरतं ते थेट स्टेपनीच्या खड्ड्यात, आणि तिथे रबराच्या चटईखाली निवांत बसून पत्रा खातं. वरून गाडी आरशासारखी आणि खाली जाळी, अशा नोमॅड मी पाहिल्या आहेत. रंगाची जाडी मोजायचं यंत्र बॉनेटवर आणि छपरावर २०० ते २५० मायक्रॉन दाखवत होतं. नव्याने रंगवलेल्या जुन्या गाडीला ते शोभतं. मागच्या चाकांच्या पाठीमागे, क्रोमच्या पट्टीच्या खाली आकडा एकदम १,४०० वर गेला. म्हणजे पुट्टी, आणि भरपूर. फाळक्याची खालची कडही तशीच. स्टेपनीच्या खड्ड्यात दोन ठिगळं होती, वेल्डिंग बरं, पण कडांना पुन्हा लाली आलेली. छपराच्या नऊही खाचा बोटाने चाचपल्या. त्या खाचांत पुट्टी भरून पुन्हा तशीच धार काढणं फार कठीण, म्हणून तिथली लबाडी हाताला लगेच लागते. तिथे सगळं धारदार आणि सरळ होतं. मागच्या सरकत्या काचांवर जुने कोरीव शिक्के होते. या काचा आणि हे छप्पर शाबूत असणं माझ्या लेखी लाल रंगापेक्षा कितीतरी मोलाचं. पुढचे फेंडर, ग्रिल, बंपर आज नवे बनवून मिळतात. नोमॅडचे खास भाग शोधत फिरावं लागतं, आणि सापडले तर मालक सांगेल ती किंमत द्यावी लागते.

४८,००० मैलांचा विषय दोन वाक्यांत संपतो. मीटरला पाचच आकडे आहेत, ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येतं, आणि ब्रेकच्या पायखुटीखालचा धातू पाहता ते एकदा तरी आलेलं होतं.

मग इंजिन.

शेवर्लेच्या या व्ही-८वर, उजव्या हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) पुढे, ब्लॉकच्या म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडाच्या माथ्यावर एक अरुंद सपाट पट्टी असते. इंजिन जोडून झालं की तिथे पंच मारत: कारखान्याचं अक्षर, महिना आणि दिवस, आणि शेवटी इंजिनाचा प्रकार सांगणारी अक्षरं. या गाडीत ते होतं, तारीख १८ मार्चची. आणि त्याच्या खाली दुसरी ओळ होती, गाडीच्या नंबरातले शेवटचे सहा आकडे. विक्रेत्याने टॉर्च धरला, मला दाराच्या खांबावरचा नंबर पुन्हा दाखवला आणि म्हणाला, "बघा, तंतोतंत."

तंतोतंतच होता, आणि माझी पाल चुकचुकली ती त्यामुळेच. १९५७मध्ये शेवर्लेच्या प्रवासी गाड्यांच्या इंजिनावर गाडीचा नंबर मारतच नसत. ती पद्धत नंतरची आहे. नंतरच्या गाड्यांची सवय झालेले लोक 'मॅचिंग नंबर्स' म्हणतात तेव्हा इंजिनावरचा नंबर गाडीशी जुळणं असाच अर्थ त्यांच्या मनात असतो. १९५५ ते १९५७च्या शेवर्लेत असं जुळणं शक्यच नाही, कारण जुळायला तिथे काही नसतं. या गाड्यांबाबत फार तर एवढंच म्हणता येतं, की इंजिनाचा प्रकार बरोबर आहे आणि तारखा गाडीच्या जन्माआधी थोड्याच दिवसांच्या आहेत. कोणत्या गाडीत कोणतं इंजिन बसवलं याची गाडीनिहाय नोंद मागवून खात्री करण्याची सोयही या शेवर्लेंना नाही. म्हणून जे काही सिद्ध करायचं ते लोखंडावरूनच.

मी त्या पट्टीवर भिंग धरलं. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोचिंगने, म्हणजे दातेरी हत्यार सरळ ओढून, तासत, त्याच्या केसासारख्या बारीक समांतर रेषा पट्टीवर इंजिनाच्या लांबीच्या दिशेने राहतात. इथे पट्टी गुळगुळीत, गोल घासलेली. दोन्ही ओळींतले आकडे एकाच खोलीचे, एकाच हाताचे.

पंच कुणीही मारू शकतो. ओतीव आकडे बदलणं तेवढं सोपं नसतं. ब्लॉकच्या मागच्या बाजूला, जिथे गिअरबॉक्सचं घर बोल्टने जोडतात त्या कडेवर, साच्यातूनच उमटलेले दोन मजकूर असतात: चालकाच्या बाजूला ब्लॉकचा क्रमांक, दुसऱ्या बाजूला ओतल्याची तारीख. फायरवॉल इतकी जवळ असते की आरसा आणि टॉर्च घेऊन अर्धा तास वाकून राहावं लागतं, आणि बनावट पंच मारणाऱ्यांचा भरवसा तपासणाऱ्याच्या दुखऱ्या कंबरेवरच असतो. क्रमांक निघाला ३७५६५१९. १९५७च्या २८३ ब्लॉकचा क्रमांक ३७३१५४८ असतो. ५१९वर संपणारा १९५८पासून पुढचा. तारीख होती 'के १२ ८'. महिन्यांना ए ते एल ही अक्षरं क्रमाने, म्हणजे के हा नोव्हेंबर. १२ नोव्हेंबर १९५८.

खात्रीसाठी आणखी एक गोष्ट पाहिली, आणि ती बघायला आरसाही लागत नाही. १९५७पर्यंत हे व्ही-८ पुढच्या तोंडाला आणि मागे गिअरबॉक्सच्या घराला टेकवलेलं असे. १९५८पासून ब्लॉकच्या दोन्ही कुशींना माउंटिंगसाठी तीन-तीन भोकांचे उंचवटे आले. या इंजिनाच्या दोन्ही कुशींना ते होते, भोकं रिकामी, आत ग्रीस आणि धूळ. इंजिन मात्र १९५७च्या पद्धतीने पुढूनच बांधलेलं.

मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "पट्टीवरची तारीख आणि गाडीचं साल धरलं तर हे इंजिन १८ मार्च १९५७ला जोडलं. ब्लॉक ओतला गेला त्यानंतर वीस महिन्यांनी."

काका क्षणभर गप्प. मग म्हणाले, "म्हणजे मुंज आधी आणि जन्म नंतर."

गंमत म्हणजे इंजिनाचं बाकी सगळं बरोबर होतं. दोन्ही हेड फेब्रुवारी १९५७मध्ये ओतलेले, शेवटी 'बी २१ ७' आणि 'बी २६ ७'. इन्टेक मॅनिफोल्डही त्याच महिन्याचा. डेल्को-रेमीच्या जनरेटरवर '७ सी ६', म्हणजे १९५७, मार्च, सहा तारीख. वर कार्टरचा चार नळ्यांचा कार्ब्युरेटर, मागे दोन गतींचा पॉवरग्लाइड. सगळे भाग एका वेळचे आणि ब्लॉक तेवढा उपरा. बनावट करणारा माणूस सहसा याच्या उलट वागतो: आधी ब्लॉक शोधतो आणि बाकीचं जमेल तसं लावतो. त्यामुळे मला कोडं पडलं.

ते सुटलं ते विक्रेत्याच्या फायलीत. मी त्याला जे सापडलं ते सरळ सांगितलं. तो चिडला नाही, खचला. मग कपाटातून एक जाड फाइल काढून आणली; गाडीबरोबर आलेली, त्याने स्वतः कधी नीट चाळली नव्हती. तिच्यात १९६३च्या जानेवारीचं एका स्थानिक गॅरेजचं हाताने लिहिलेलं बिल होतं: थंडीत गोठून ब्लॉक तडकला, वापरलेला १९५९चा ब्लॉक बसवला, 'जुनी हेड आणि मॅनिफोल्ड परत वापरली', मजुरी वेगळी. १९५९च्या गाडीतला ब्लॉक १९५८च्या नोव्हेंबरात ओतलेला असणं अगदी स्वाभाविक. म्हणजे जवळजवळ सगळं आयुष्य ही गाडी याच ब्लॉकवर चालली होती. खोटं होतं ते फक्त पट्टीवरचं, आणि ते बहुधा रिस्टोरेशनच्या वेळचं. कुणी मारलं हे सांगता येत नाही, आणि अहवालात मी तसं काही लिहिलंही नाही. मला जे दिसलं तेवढंच लिहिलं: पट्टी घासलेली आहे, मजकूर ब्लॉकच्या तारखेशी विसंगत आहे.

आता किंमत. इथे माझं मत काही लोकांना आवडत नाही. याच वर्षांच्या कॉर्व्हेटमध्ये उपरा ब्लॉक सापडला तर आकडा धाडकन खाली येतो. नोमॅडमध्ये तसं होत नाही. या गाड्यांचा बाजार मोठ्या प्रमाणावर चालवण्याच्या हौसेवर उभा आहे. आधुनिक इंजिन, डिस्क ब्रेक आणि एसी घातलेली नोमॅड अनेकदा मूळ रूपातल्या गाडीपेक्षा जास्त पैसे आणते. त्यामुळे १९६३मध्ये बदललेला ब्लॉक, तोही त्याच मापाचा आणि कागदासकट, मी फक्त तीन हजारांनी धरला. पत्र्याचं दुखणं त्याहून महाग होतं.

जवळ धरण्यासारखे तीन व्यवहार मिळाले, सगळे मागच्या वर्षभरातले, सगळ्या व्ही-८ नोमॅड. सर्वांत जवळची गाडी लिलावात ७७,०००ला गेली होती, पण त्या आकड्यात लिलाववाल्यांचं दहा टक्के कमिशन होतं. म्हणजे हातोडा ७०,०००वर पडला होता. लिलावाचा छापील आकडा खाजगी सौद्याला लावणं ही विक्रेत्यांची आवडती चूक, आणि इथे ८२,००० आले होते ते तिथूनच, वर 'मॅचिंग नंबर्स'चा तुरा लावून. ती गाडी जन्माच्या रंगात होती आणि खालचा पत्रा कोरा होता. ७०,०००मधून मी मागच्या पत्र्याचे, फाळक्याचे आणि खड्ड्याचे सात हजार काढले, रंगाचे दीड हजार, ब्लॉकचे तीन. फायलीसाठी दोन हजार वर घातले, कारण १९५७पासूनची सलग कागदपत्रं दुर्मीळ असतात. आले ६०,५००. बाकीच्या दोन व्यवहारांवरून हिशेब ५९ आणि ६३च्या आसपास आला. मी काकांना ६०,००० ते ६२,००० सांगितलं.

बनावट पंचाचे किती कापलेस, असं त्यांनी विचारलं. त्याचे मी पैसे कापले नव्हते. तो आकडा नाहीच. ती अट आहे. बिल ऑफ सेलवर, म्हणजे विक्रीच्या कागदावर, स्पष्ट लिहून घ्यायचं, की इंजिनाचा ब्लॉक मूळ नाही आणि पट्टीवरचा मजकूर कारखान्याचा नाही. असं लिहून देणार नसेल तर ४०,०००लाही घेऊ नका, म्हटलं, कारण उद्या विकताना ते खोटं तुमच्या नावावर चढेल.

विक्रेत्याने दोन दिवस घेतले. मग ६१,५००ला तयार झाला आणि ती दोन वाक्यं स्वतःच्या हाताने लिहून दिली. पट्टी पुन्हा घासून टाकू का, असंही त्याने विचारलं. मी नको म्हटलं. त्या पट्टीचे फोटो, ब्लॉकच्या तारखेचे फोटो आणि १९६३च्या बिलाची प्रत आता एकाच पाकिटात गाडीबरोबर आहेत. मूळ बिल काकांच्या घरी. विम्यासाठी वेगळा अहवाल केला, ६८,०००चा, कारण असं छप्पर आणि अशा काचा असलेली दुसरी शोधायची तर तेवढे लागतील.

राहिला रंग. काकांना ती निळी करायची आहे. घरमालकाची नोमॅड कोणत्या रंगाची होती असं मी विचारलं, तर म्हणाले, "हिरवी. पण ही निळी होती ना." नीट उघडून, काचा-पट्ट्या काढून रंगवायचं तर वीस हजारांच्या वर जातील आणि विकताना त्यातले फार तर दोन परत येतील, असं मी लिहून दिलं आहे. मागच्या आठवड्यात फोन आला होता. ७९५चा रंग हल्ली कुठे मिसळून मिळतो, म्हणून विचारत होते.